डब्लिनमधील गुरु-शिष्य

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथें जाण्याचा योग आल्यास प्रवाशानें मेरियन स्क्वेअरमधील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयास निदान अर्धा दिवस द्यावा. तेथील संग्रहांत एका गुरूचें व एका शिष्याचें अशीं दोन चित्रें आहेत. त्यांच्यामागील हकीकत ठाऊक असली म्हणजे त्यांत निराळाच अर्थ दिसूं लागतो. गुरु सर विल्यम ऑर्पेन; शिष्य शॉन कीटिंग.

कीटिंग यांचा जन्म शॅनन नदीकांठच्या लिमरिक शहरीं १८८९ सालीं झाला. शिष्यवृत्ती मिळाल्यामुळें ते डब्लिनच्या कलाशाळेंत आले. तेथें ऑर्पेन शिकवीत असत. जिवंत माणूस समोर ठेवून अचूक रेखाटन करावयाचें, ही त्यांची शिस्त. ऑर्पेनही डब्लिनजवळचेच; परंतु लंडनच्या धनिकांचीं व्यक्तिचित्रें काढून त्यांनीं लौकिक व पैसा दोन्ही मिळविलीं होतीं. १९१५ सालीं त्यांनीं कीटिंग यांस साहाय्यक म्हणून लंडनला नेलें.

महायुद्ध चालू होतें. १९१६ च्या आरंभीं इंग्लंडांत सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला आणि कीटिंग मायदेशीं परत निघाले. निघतांना त्यांनीं गुरूंसही आग्रहानें विनविलें कीं, आपणही स्वदेशीं चलावें. ऑर्पेन यांनीं नकार दिला. आपणांस जें कांहीं लाभलें तें इंग्लंडामुळें लाभलें, अशी त्यांची भावना होती. पुढें ते युद्धभूमीवर चित्रकार म्हणून गेले, सरदारकी मिळाली, आणि १९३१ सालीं लंडनलाच वारले. आयर्लंडांत राहावयास ते पुन्हां आले नाहींत.

संग्रहालयांतील ऑर्पेन यांचें ‘पवित्र विहीर’ हें चित्र १९१६ चेंच. त्यांत विहिरीच्या माथ्यावर अरान बेटांतील पोशाखांत एकटा उभा असलेला तरुण म्हणजे कीटिंगच. ज्या शिष्यानें सोबत येण्यास सांगितलें, त्याचें रूप गुरूनें असें जपून ठेविलें आहे.

त्या अरान बेटांची ओढ कीटिंग यांस जन्मभर होती. गॉलवेच्या उपसागरामुखाशीं असलेल्या या खडकाळ बेटांत आयरिश भाषा अजून बोलली जाते. तेथील कोळी, त्यांच्या हलक्या होड्या, दगडी कुंपणें हीं त्यांनीं वर्षानुवर्षें चितारलीं.

परंतु मायभूमि नेहमींच प्रसन्न नसते. १९२२-२३ मध्यें आयरिश लोक आपसांतच लढले. १९२४ चें ‘रूपक’ हें कीटिंग यांचें चित्र त्या दुःखाचें आहे. परस्परविरोधी पक्षांचे दोघे जण तिरंगी निशाणांत गुंडाळलेल्या शवपेटीसाठीं खड्डा खणीत आहेत. मागें एक उद्ध्वस्त वाडा. आणि झाडाखालीं खिन्न नजरेनें आपल्याकडे पाहणारे स्वतः चित्रकार. ज्या देशासाठीं गुरूची संगत सोडली, त्याची ही दशा!

तरीही ते निराश होऊन बसले नाहींत. १९२५ ते १९२९ या काळांत लिमरिकजवळ आर्डनाक्रुशा येथें शॅननच्या पाण्यावर वीजकेंद्र उभें राहिलें. तेथें जाऊन त्यांनीं मजूर, यंत्रें, बांध यांचीं चित्रें काढलीं. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र इंग्लंडांतील ओल्डहॅमच्या संग्रहाचें झालें, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

पुढें ते आपल्या जुन्या कलाशाळेंतच अनेक वर्षें अध्यापक होते, आणि १९५० ते १९६२ पर्यंत रॉयल हायबर्नियन अकादमीचे अध्यक्ष. नवीन पद्धतीची चित्रकला त्यांस रुचली नाहीं. याबद्दल तरुणांनीं त्यांस दोषही दिला. आधीं रेखाटन, मग बाकी सर्व, हें ऑर्पेन यांचें वळण त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस दिलें. १९७७ सालीं ते निवर्तले.

वडिलांशीं मतभेद झाला म्हणजे त्यांनीं दिलेलें सर्वच टाकावें, असें पुष्कळ तरुणांस वाटतें. कीटिंग यांनीं गुरूचा मार्ग सोडला, विद्या सोडली नाहीं. मेरियन स्क्वेअरमधील तीं दोन चित्रें पाहून बाहेर पडणाऱ्या प्रवाशास एवढें उमगलें, तरी त्याचा अर्धा दिवस सार्थकीं लागला.