शहाड फास्ट, गुलमर्ग स्लो

शहाडकरांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. गाडी सोडायची नाही! कल्याणपर्यंत काय हो, एक लोकल गेली की मागून दुसरी हजर. कल्याणच्या पुढे मात्र गणित बदलतं. कसारा लाइनवरचं पहिलंच स्टेशन आमचं, पण थांबतात त्या फक्त टिटवाळा, आसनगाव आणि कसाऱ्याच्या गाड्या. एक चुकली की दिवसाचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. म्हणून आम्ही पुलाच्या जिन्यावरच धावायला लागतो. सॅक पोटाशी, डबा हातात, आणि गाडी हलली तरी नजर दांडीवर! आई रोज ओरडते, "अगं, एक गाडी सोडलीस तर आभाळ कोसळणार आहे का?"

मी तिचं कधीच ऐकलं नाही. तिचं म्हणणं पटलं ते थेट गुलमर्गला. तेही बर्फात कमरेएवढा खड्डा खणल्यावर!

थांबा, पहिल्यापासून सांगते.

बर्फ म्हणजे गोळा!

आमचा तिघांचा ग्रुप आहे. मी शहाडची, एक मैत्रीण अंबरनाथची, बँकेत. तिसरा बदलापूरचा, आयटीवाला. आठवडाभर लोकलमध्ये लटकायचं आणि रविवारी डोंगर. मलंगगड, वांगणीजवळचा चंदेरी, मुरबाड रस्त्याने गोरखगड, सिद्धगड, नाणेघाट... घराजवळचं सगळं करून झालं होतं. आणि बर्फ? तो फक्त फ्रीजरमधला, नाहीतर काला खट्टा टाकलेल्या गोळ्यातला.

मग एका पावसाळी संध्याकाळी बदलापूरवाल्याने बॉम्ब टाकला. "यंदा स्कीइंग शिकू या." आम्ही हसलो. पण त्याने सगळी माहिती काढूनच ठेवली होती. गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग आहे, तिथे बेसिक कोर्स असतो. आपल्यासारख्या शून्य अनुभववाल्यांसाठी! ऑफिसवाल्या दोघांनी वर्षभराच्या रजा साठवल्या, मी दोन असाइनमेंट्स आगाऊ लिहून दिल्या, आणि निघालो.

जॅकेट अर्थातच उल्हासनगरचं. लेबलवर इंग्रजीत वॉटरप्रूफ असं ठसठशीत छापलेलं. पहिल्याच दिवशी चौथ्यांदा बर्फात आपटले तेव्हा कळलं, प्रूफ फक्त लेबल होतं!

गुलमर्गचं मैदान साधारण २,६५० मीटरवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) डोक्यावर आणखी हजार मीटर. इथे स्कीइंग आणलं ब्रिटिशांनी, १९२७ मध्ये त्यांनी इथे स्की क्लबही काढला. आज गोंडोला दोन टप्प्यांत वर नेतो, आधी कोंगडोरीला आणि तिथून अफरवतच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान. तो इथल्याच पायथ्याच्या टनमर्गचा.

आम्ही मात्र गोंडोलाच्या वाटेलाही गेलो नाही. आमचा मुक्काम खालच्या मैदानातल्या बाळबोध उतारावर! पायात दगडासारखे बूट, त्यांना अडकवलेल्या दोन लांब पट्ट्या, आणि एकच मंत्र : स्नोप्लाऊ. म्हणजे स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकवायची, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. वेग कमी होतो. होतो म्हणजे, व्हायला हवा. पहिले तीन दिवस आमचा ब्रेक म्हणजे पुढे उभा असलेला माणूस. पाचव्या दिवशी मी पहिल्यांदा न पडता वळले, आणि त्या एका वळणासाठी मी अजून दहा वर्षं लोकलमध्ये लटकायला तयार होते. खरंच!

चढून मिळवलेला उतार

दुसऱ्या हिवाळ्यात डोक्यात नवीन किडा शिरला. स्की टूरिंग. म्हणजे लिफ्ट नाही, तयार केलेला उतार नाही. आपल्या पायांनी चढायचं आणि मग घसरत उतरायचं. आमच्यासारख्या ट्रेकर्सना याहून जास्त काय हवं?

तुम्ही म्हणाल, स्की घालून चढणार कसं? यातली गंमत स्किनमध्ये आहे. स्कीच्या तळाला चिकटवायची ही लांब पट्टी. पूर्वी सीलच्या कातड्याची असायची, म्हणून नाव स्किन. आता नायलॉनची किंवा मोहेअरची असते. तिचे केस एकाच दिशेला झोपलेले असतात. पाय पुढे सरकवला की घसरतो, मागे जायला लागला की केस उभे राहून बर्फ धरतात. मांजरीच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवा, मऊसूत. उलटा फिरवून बघा!

बुटाची टाच मोकळी सोडायची आणि सरकत सरकत, माळशेज घाटाच्या रस्त्यासारखी वळणं घेत चढायचं. वर पोचलं की स्किन काढून पोटाशी जॅकेटमध्ये ठेवायची, टाच लॉक करायची, आणि... सुटायचं! तीन तास चढून उतरायला पंधरा मिनिटं. हिशेब तोट्याचा वाटतो ना? पण चढताना देवदारांमध्ये इतकी शांतता असते की स्वतःचा श्वास ऐकू येतो. आईने दिलेले डिंकाचे लाडू थंडीने दगड झालेले, तेही तिथे गोड लागतात.

पहिले दोन दिवस झाडांमधल्या सोप्या उतारांवर सराव झाला. तिसऱ्या दिवशी बेत मोठा होता. गोंडोलाच्या हद्दीबाहेरचा एक उघडा, ओंजळीसारखा उतार. त्यावर एकही रेघ नव्हती. रात्री ताजा बर्फ पडून गेला होता आणि सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं. चौथ्या दिवशी परतीचं विमान. म्हणजे शेवटची गाडी, आणि तीही डोळ्यांसमोर उभी!

मनगटाने दहा, कोपराने दहा

उताराच्या अलीकडे आमचे गाइड थांबले. वय पन्नाशीचं, बोलणं मोजून मापून. पाठीवरचं फावडं काढलं आणि खणायला लागले. आम्हालाही खणायला लावलं. कमरेएवढा खड्डा झाल्यावर त्यांनी बर्फाची भिंत हाताने साफ केली आणि आम्हाला जवळ बोलावलं.

चिरोटा आडवा कापल्यावर दिसतो तसा बर्फ! पदरावर पदर. प्रत्येक पदर म्हणजे एकेका दिवसाचं हवामान. वर रात्रीचा मऊ थर, त्याखाली वाऱ्याने थापून घट्ट केलेला, आणि त्याच्याही खाली बोटाने उकरला तर भुरभुरणारा, अगदी जाड साखरेसारखा. सगळा घोटाळा या साखरेचा. सुरुवातीला थोडासाच बर्फ पडला आणि मग बरेच दिवस कोरडी थंडी राहिली, तर तळाचा बर्फ असा दाणेदार होतो. दाणे एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नंतर भरपूर बर्फ पडला की ती झाली रव्यावर ठेवलेली फरशी. तुमचं वजन पडायचा अवकाश! अख्खी फरशी सुटते. बर्फाच्या कड्याखाली सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो स्वतःच किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कुणीतरी सोडवलेला असतो. आणि धोक्याचा उतार म्हणजे उभा कडा नव्हे, साधारण ३० ते ४५ अंशांचा. म्हणजे स्कीइंगला सगळ्यात मस्त वाटणारा!

मग टेस्ट. बर्फाचा एक चौकोनी खांब कापून त्यावर फावडं आडवं ठेवायचं आणि वर हाताने थापट्या मारायच्या. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. खांब जितका लवकर तुटेल तितकं वाईट. आम्ही मोजत होतो. मनगटाच्या दहा झाल्या. अकरा... बारा... आणि वरचा अख्खा ठोकळा ड्रॉवर उघडावा तसा सरळ बाहेर आला.

गाइडने फावडं पुसलं. "मॅडम, आज नहीं."

बस्स, एवढंच.

माझं तोंड पडलं. बदलापूरवाला तर वाद घालायला लागला. समोरच्या धारेवरून दोन परदेशी स्कीअर त्याच बाजूला निघाले होते. ते चालले तर आपण का नाही? इतके पैसे, इतक्या रजा, परत कधी येणार? मी काहीच बोलले नाही. मला आठवत होता चंदेरी.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चंदेरीच्या माथ्याजवळचा कातळ पावसाने ओला झाला होता. सगळ्यांच्या मनात होतं की परत फिरावं. बोललं कुणीच नाही. "इतके वर आलोय, आता काय!" एवढ्या एका वाक्यावर आम्ही पुढे गेलो. अंबरनाथवालीचा पाय सटकला आणि मनगट मोडलं. अंधारात तिला खाली आणायला पाच तास लागले. नशीब, मनगटच होतं.

बर्फात नशिबाला फार वेळ मिळत नाही. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर ठीक, पुढे आशा झपाट्याने कमी होते. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर बीकन म्हणजे सिग्नल देणारं यंत्र, पाठीवर प्रोब आणि फावडं हवंच. पण ही झाली अपघातानंतरची तयारी. अपघाताआधीची तयारी एकच, मागे फिरणं.

आणि हे पुस्तकी ज्ञान नाही हं. १ फेब्रुवारी २०२३ ला याच अफरवतवर पोलंडचे दोन स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला रशियाचा एक. त्या २०२४ च्या जानेवारीत तर गुलमर्गचं मैदान कित्येक आठवडे कोरडं होतं, बर्फ आला तो उशिरा आणि एकदम. २०२५ मध्ये बर्फच नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. हिवाळ्याचंही टाइमटेबल बिघडलंय. आपल्या रजा मात्र तीन महिने आधीच मंजूर झालेल्या!

यावेळी अंबरनाथवालीच बोलली. तिने नुसतं मनगट वर करून दाखवलं. "चला खाली."

आम्ही मागे फिरलो. झाडांमधल्या कमी उताराच्या वाटेने, एकेक करून, अंतर ठेवून उतरलो. आणि सांगू? ती वाटही झकास होती.

मग काय झालं?

काहीच नाही! तो उतार त्या दिवशी सुटला नाही. ते दोघं परदेशी संध्याकाळी चहाच्या टपरीवर मजेत दिसले. बदलापूरवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्याची रजा खाल्ली. मला पण वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मागे फिरण्याचं बक्षीस कधीच मिळत नाही. आपण बरोबर होतो की उगाच घाबरलो, हे कळायचा मार्गच नसतो. चंदेरीवर चुकलो ते कळलं, कारण हाड मोडलं. गुलमर्गला फक्त एक दिवस गेला. तिघं धडधाकट घरी आलो, आणि पुढच्या हिवाळ्याचा हट्ट शिल्लक राहिला.

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी शहाडच्या जिन्यावर होते. गाडी हलायला लागली होती. पाय सवयीने दोन पायऱ्या धावले... आणि थांबले. गाडी गेली. आभाळ वगैरे काही कोसळलं नाही. ऑफिसच्या मीटिंगला वीस मिनिटं उशीर झाला आणि बोलणी खाल्ली, तो भाग वेगळा!

तुम्हालाही जायचंय?

सीझन : डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे चिल्ला-ए-कलान, सगळ्यात कडक थंडी. नवशिक्यांना फेब्रुवारी बरा.

कसं जाल : मुंबईहून श्रीनगरला विमानाने. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारतही आहे. श्रीनगर-गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. टनमर्गपासून पुढे बर्फ असला तर चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्या.

कुठे शिकाल : गुलमर्गच्या इन्स्टिट्यूटशिवाय मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि औलीला गढवाल मंडल विकास निगम हेही कोर्सेस घेतात. जागा लवकर भरतात.

टूरिंग : आधी साधं स्कीइंग पक्कं करा. स्थानिक गाइड, बीकन, प्रोब, फावडं यांशिवाय हद्दीबाहेर पाऊल नको. बीकन कसं वापरायचं याचा सराव आधी मैदानात करा.

सगळ्यात महत्त्वाचं : एक दिवस जास्तीचा ठेवा. शेवटच्या दिवसावर मोठा बेत ठेवलात की मागे फिरणं जड जातं. आम्ही पुढच्या वेळी तो दिवस आधीच धरून ठेवलाय. रजेचा अर्ज बदलापूरवाल्यानेच भरलाय!