खोखे, मोटार आणि मलाजखंड

माझे आजोळ रामपायलीचे. बेळगावात हे नाव सांगितले की मैत्रिणी विचारतात, "हे कुठे आले ग?" मग मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदियापर्यंत आणि तिथून पुढे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, असा सगळा नकाशा तोंडी काढून दाखवावा लागतो. चंदन नदीच्या काठी रामाचे जुने देऊळ, भोवती धानाची शेते. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी पोवारी. आमच्याकडे घरात मराठी आणि बाजारात कन्नड. त्यामुळे तिथे मला कधी परके वाटले नाही.

२०२४ च्या मे महिन्यात, पीयूसी आटोपल्यावर, मी आईबरोबर तिकडे गेले होते. त्याच आठवड्यात मामांची बोअरची मोटार जळाली. उन्हाळी धान उशिरा लावलेले, दाणा भरायचा बाकी. मामा आणि मी मोटार घेऊन वारासिवनीला गेलो. मिस्त्रीने ती उघडली, काळी पडलेली तार नखाने खरडून पाहिली आणि नवी गुंडाळी भरण्याचा दर सांगितला. तार मात्र संपली होती. दोन दिवसांनी या, म्हणाला. दोन दिवसांनी गेलो तो दर चढलेला! मामा भडकले. मिस्त्रीने शांतपणे मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "भैया, लंदन में भाव चढ़ गया, मैं क्या करूँ?"

परत येताना मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तांबं निंगते आपल्या जिल्ह्यात, न भाव ठरते लंडनले. काहून? तू कॉमर्सवाली ना, सांग मले."

मला सांगता आले नाही. शरमच वाटली म्हणा ना.

मामांचे म्हणणे खोटे नव्हते. बैहरच्या पुढे मलाजखंडला हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची खाण आहे. देशातली तांब्याची सर्वांत मोठी खाण हीच. आधी ती उघडी होती, आता जमिनीखाली खोदतात. पण तिथल्या शंभर किलो दगडात तांबे असते जेमतेम किलोभर. तो दगड दळून, त्यातला निरुपयोगी भाग काढून जो चुरा उरतो, त्याला कॉन्सन्ट्रेट म्हणतात. त्याचे तांबे करायला भट्टी लागते. याच कंपनीची राजस्थानात खेतडीला भट्टी होती, ती २००८ साली बंद पडली. देशातल्या मोठ्या भट्ट्या समुद्राकाठी आहेत, कारण त्यांना लागणारा चुरा दहा भागांपैकी नऊहून अधिक जहाजाने येतो, चिली, पेरू, इंडोनेशिया अशा देशांतून. म्हणजे आपल्या जिल्ह्यातले तांबे हे या व्यवहारात चिमूटभर मीठ. २०२३ च्या नोव्हेंबरात पनामातल्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या एका प्रचंड खाणीचा करार घटनाबाह्य ठरवला, खाण बंद झाली, जगभर चुऱ्याची टंचाई भासू लागली. त्यात सटोडियांची भर पडली, आणि २० मे २०२४ रोजी लंडनच्या धातुबाजारात तांबे टनाला ११,००० डॉलरच्या वर गेले. पनामात निकाल लागतो आणि रामपायलीत धानाला पाणी उशिरा मिळते!

ही हकीगत बेळगावला आल्यावर बाबांना सांगितली. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना अर्थशास्त्रात रस नाही, पण तांबे म्हणताच त्यांना खोखे आठवले. खोखा म्हणजे गोळी उडाल्यावर उरणारी पितळी पुंगळी. फायरिंग रेंजवर जितक्या गोळ्या दिल्या तितके खोखे मोजून परत करायचे. एकदा एक खोखा कमी भरला, तर सगळ्या तुकडीने दिवस मावळेपर्यंत गवतात हात घालून तो शोधला होता. लहानपणी मी ही गोष्ट शिस्तीची म्हणून ऐकत असे. गोळी कुणी चोरून नेऊ नये हा त्यातला मुख्य हेतू असणारच. पण ते पितळ म्हणजे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त, हे मला आता समजले. मामांची मोटार आणि बाबांचा खोखा एकाच दगडातून निघतात, आणि तो दगड बहुतांशी परदेशातला!

आमच्या कॉस्टिंगच्या तासाला मालसाठ्याच्या पातळ्या शिकवतात. मिनिमम लेव्हल, री-ऑर्डर लेव्हल आणि अगदी खाली डेंजर लेव्हल. सूत्र घोकून मार्क मिळतात. पण ते सूत्र एक गोष्ट गृहीत धरते, की मागणी नोंदवली की पुरवठादार माल पाठवणारच. तो पाठवायचाच नाही असे ठरवील तर काय, हे त्या धड्यात नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा आपल्या मोटारकारखान्यांना चिमुकल्या चुंबकांची चिंता लागली. खनिज तेलाचा राखीव साठा आपण विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे खडक पोखरून केला आहे, ५३.३ लाख टनांचा. त्यांतली दोन ठिकाणे आपल्याच राज्यातली, तरी आमच्या वर्गात ती फार थोड्यांना ठाऊक होती.

पाटी एकेकाळी उलटीही होती, ती मँगनीजमुळे. पोलादाला मँगनीज लागतेच. बालाघाटजवळच्या भरवेलीची खाण परकी कंपनी चालवीत असे. १९६२ साली तिथे सरकारचा हिस्सा आला आणि १९७७ साली ती पूर्णपणे सरकारी झाली. (आमच्या कन्नड विभागातल्या वाचकांना संडूर आठवेल, घोरपड्यांच्या त्या संस्थानातही हेच खनिज.) दुसऱ्या महायुद्धात युक्रेनमधले निकोपोल हातचे जाऊ नये म्हणून हिटलरने सैन्य अडकवून ठेवले, ते तिथल्या मँगनीजसाठी. पुढे रशियाने अमेरिकेचा पुरवठा आखडता घेतला, तेव्हा अमेरिकेची नजर आपल्याकडे वळली. १९५१ साली तिने आपल्याला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले, त्याची फेड अशा द्रव्यांच्या रूपानेही घेता यावी अशी तरतूद कायद्यात ठेवून. आपण भुकेले, तरी त्यांचीही गरज आपल्यापाशी अडलेली. आज पोलाद इतके वाढले आहे की मँगनीजही दक्षिण आफ्रिका आणि गॅबॉनमधून मागवावे लागते.

तर मग सगळे घरीच पिकवावे का? मला तसे वाटत नाही. रिकार्डोचा तौलनिक लाभ मी परीक्षेपुरता शिकले नाही. एक टक्क्याचा दगड हट्टाने खोदत बसलो तर मामांची तार आणखी महाग होईल. आणि प्रत्येक वेळी परक्यांचाच दोष असतो असेही नाही. तुतिकोरिनची भट्टी २०१८ साली बंद झाली, ती कुणा शत्रूने बंद केली नाही. हवा-पाण्यासाठी लोक रस्त्यावर आले, पोलिसांच्या गोळीबारात तेरा माणसे गेली. त्यानंतर आपण शुद्ध तांबे निर्यात करणारे होतो ते आयात करणारे झालो. त्या तेरा माणसांच्या घरी जाऊन राष्ट्रीय सुरक्षेवर व्याख्यान देण्याची माझी तरी छाती नाही. मला खटकते ते एवढेच, की खेतडीची भट्टी थंड पडली तेव्हा हा हिशेब कुणी मांडला होता का? २०२३ साली सरकारने तीस महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली. तिच्यात तांबे आहे. मँगनीज नाही.

मामांची मोटार सहाव्या दिवशी मिळाली. बांधाकडचे धान तेवढ्यात पोचट झाले होते. पैसे मोजताना मिस्त्रीने जुनी जळकी तार तराजूत टाकली आणि तिची किंमत बिलातून वळती केली. मामांना पटले नाही, पण घासाघीस करायला त्यांच्याजवळ वेळ नव्हता.

बाबांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी एकच विचारले, "तार तुमच्यासमोर मोजली ना?"