शेवटच्या रांगेतला शब्द

संपादकांनी विषय दिला, ‘बागेतलं मोफत नाटक कसं पाहावं?’ माझा व्यवसाय ध्वनियोजनेचा. पाहण्याबद्दल इतर कुणी लिहावं, मी ऐकण्याबद्दल लिहितो. गेल्या हिवाळ्यात मुंबईतल्या एका सार्वजनिक उद्यानात पाहिलेला प्रयोग अजून डोक्यातून जात नाही, हेही एक कारण.

मी तिथे प्रेक्षक म्हणून गेलो होतो. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे स्पीकर रचलेले, मागे एकही नाही. पुढची मुलं कानांवर हात ठेवून बसलेली, तर मागच्या रांगा पहिल्या अंकातच रिकाम्या होऊ लागल्या. शेजारच्या बाकावर एक आजोबा होते, रोज तिथे फिरायला येणारे. ते म्हणाले, “आवाज येतोय हो, शब्द येत नाहीत.” आमच्या क्षेत्रातलं अर्धं शास्त्र या वाक्यात आहे. मध्यंतरात आयोजकांपैकी एकाला हे सांगितलं, तर उत्तर आलं, “फुकट आहे ना, लोक समजून घेतात.” याचा मला मनापासून राग येतो. तिकीट नाही म्हणून ऐकण्याचा हक्क कमी होत नाही.

लोकांना वाटतं, ऐकू येत नसेल तर आवाज वाढवावा. पण बोलण्यातला जोर असतो स्वरांमध्ये आणि अर्थ बराचसा व्यंजनांमध्ये. स, श, त, क यांची ताकद मुळातच कमी, आणि ती ऐकू येतात मुख्यतः दोन हजार हर्ट्झच्या वर. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की पातळी 6 डेसिबलने उतरते. नाट्यगृहात भिंती आणि छत त्यातलं काही परत देतात, बागेत गेलं ते गेलं. त्यात सूर्यास्ताला पर्जन्यवृक्षावर साळुंक्या मुक्कामाला येतात आणि त्यांचा कलकलाट नेमका व्यंजनांच्याच पट्ट्यात असतो. म्हणून तिन्हीसांजेचा प्रयोग मी शक्यतो टाळायला लावतो. अंधार पडला की पक्षी शांत होतात. मात्र जमीन निवाली आणि वरची हवा उबदार राहिली की ध्वनी खाली वळतो. लांबच्या लोकलचा भोंगा रात्री जवळचा वाटतो तो यामुळेच. तसाच आमचाही आवाज समोरच्या इमारतींत जातो आणि पोलिसांना फोन होतो.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज परिसरातल्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांतलं जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये, आणि रात्री 10 नंतर मोकळ्यावर ध्वनिक्षेपक बंद. नाटकवाले या नियमांवर चिडतात. मला ते योग्य वाटतात. समोरच्या इमारतीत कुणी आजारी असतं, कुणाची परीक्षा असते. आणि नियम पाळून नाटक उत्तम ऐकवता येतं. त्यासाठी दोन राक्षसी स्पीकर काढून लहान स्पीकर प्रेक्षकांमध्ये जागोजागी उभे करावे लागतात.

इथे ‘डिले’ येतो. हे जरा किचकट आहे, पण सांगतोच. ध्वनी सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. रंगमंचापासून 20 मीटरवर खांबाला स्पीकर लावला, तर तारेतून आवाज तिथे तत्काळ पोचतो आणि रंगमंचावरचा आवाज 58 मिलिसेकंदांनी मागून येतो. शब्दाला शब्दाची सावली पडते. म्हणून खांबावरचा आवाज तेवढा थांबवून धरायचा, वर आणखी 10-15 मिलिसेकंद. हे वरचे कशाला? कान आधी पोचलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो, मागून आलेला थोडा मोठा असला तरी. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने गेल्या शतकाच्या मध्याला हे प्रयोगांनी दाखवलं. नीट जमलं की शेवटच्या रांगेतल्या माणसाला खांब जाणवतच नाही, समोरचा नटच बोलतोय असं वाटतं. हे साधलं की मला जो आनंद होतो तो टाळ्यांनीही होत नाही.

आता माझा जुना वाद. ‘खरा नट माइक लावत नाही’ असं ज्येष्ठ मंडळी सांगतात आणि ग्रीसमधल्या एपिडॉरसचा दाखला देतात, तिथे म्हणे शेवटच्या पायरीवर कुजबुज ऐकू येते. 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तिथे मोजमापं केली. खणखणीत बोललेलं वरपर्यंत पोचतं, कुजबुज पोचत नाही. शिवाय तिथे दगडी पायऱ्यांचा चढ आहे, बाजूने बेस्टची बस जात नाही. आपला दशावतार आणि तमाशा मोकळ्यावरच वाढले. त्यांची पट्टी उंच, बोलणं फेकीचं, साथीला झांज किंवा ढोलकी. तो बाणा मोकळ्यासाठीच घडला आहे. बंद खोलीतलं, अर्ध्या आवाजातलं आजचं नाटक बागेत न्यायचं आणि माइक नको म्हणायचं, हा शेवटच्या रांगेवर अन्याय आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या डेलाकोर्ट थिएटरात नट माइक लावूनच शेक्सपिअर करतात. ते थिएटर 1962 साली उघडलं. त्याआधी, 1959 मध्ये, उद्यानं सांभाळणारे रॉबर्ट मोझेस यांनी गवताच्या खर्चासाठी तिकीट लावा असा आग्रह धरला, तेव्हा त्या उद्यानात मोफत शेक्सपिअर करणारे जोसेफ पॅप कोर्टात गेले आणि प्रयोग मोफतच राहिले. ज्यांनी फुकटपणासाठी एवढं भांडण केलं, त्यांच्या वारसांनी माइक कमीपणाचा मानला नाही.

तांदळाएवढा माइक आम्ही कपाळावर, केसांच्या रेषेशी चिकटवतो. छातीवर लावला तर शेला घासतो आणि मान वळली की शब्द निसटतो. कपाळावर घामाची भीती. टेपखालून थेंब आत गेला की आवाज बोदा होतो. म्हणून प्रत्येक एक्झिटला विंगेत कुणीतरी टिपकागद घेऊन उभं असावं लागतं. या माणसाचं मानधन आयोजक सगळ्यात आधी कापतात.

या हिवाळ्यात एका बागेतल्या प्रयोगाचं काम घेतलं आहे. अट घातली आहे की खांबांच्या जागा आधी ठरतील, मग खुर्च्या मांडल्या जातील, आणि पाहुण्यांच्या सोफ्यासाठी खांब हलणार नाही. तुम्ही अशा प्रयोगाला गेलात आणि शब्द येत नसतील, तर निघून जाऊ नका. मिक्सर बहुधा प्रेक्षकांच्या मागेच असतो. तिथे या आणि कुठे बसला आहात तेवढं सांगा.