निराधारचे कागद

आमगावच्या आसपास आषाढात बांध्या पाण्यानं भरतात आणि बाया ओळीनं वाकून धानाची रोवणी करतात. आमच्या शेजारच्या मायचा जन्म त्यातच गेला. चिखलपाण्यानं तिच्या बोटांवरच्या रेषा पार झिजल्या आहेत. यंत्रावर अंगठा लागत नाही. ती लुगड्याला बोट पुसते, पुन्हा ठेवते. बुबुळावरून किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीनंही ओळख पटवता येते, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

तिला अर्ज करायचा आहे तो संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी. ही योजना 1980 पासूनची. आमच्याकडे तिचं नाव ‘निराधारचे पैसे’. 2023 पासून विधवांना महिन्याला 1500 रुपये मिळतात, त्याआधी हजार होते. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट मात्र वर्षानुवर्षं 21,000 रुपयांचीच राहिली. म्हणजे महिन्याला 1750. एवढ्यात घर चालतं असं लिहून देताना माझा हात अडतो. ही मर्यादा वाढलीच पाहिजे.

मायचं अडलं ते वेगळ्याच कागदापाशी. आमच्या भागातल्या सोयरिकी मध्यप्रदेशातल्या लांजीपर्यंत पसरलेल्या. तिचा नवरा तिकडेच, सोयऱ्याच्या घरी वारला. मृत्यूची नोंद जिथं मरण आलं तिथंच होते, आणि वर्ष उलटून गेलं असेल तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. विधवा म्हणून अर्ज करायचा तर मृत्यूचा दाखला हवा. ‘बुढा गेला हे साऱ्या गावाले मालूम आहे ना, बाबू,’ ती मला म्हणाली. गावाला ठाऊक असलेलं सरकारला कळावं म्हणून एका निरक्षर बाईनं दुसऱ्या राज्यात जायचं!

अशा वेळी सोबत जाणाऱ्याकडून लोकांची अपेक्षा एकच: साहेबांशी ओळख काढा. मला ते पटत नाही. ओळखीनं एकीचं काम होतं, मागची रांग तशीच राहते. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवांना मुदत घालून दिली आहे. अर्जाची पोच द्यावी लागते, अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. तेवढंच मागायचं, नम्रपणे, पण मागायचं. आणखी एक. खिडकीपलीकडचा माणूस चष्मेवाल्याशी, म्हणजे माझ्याशीच बोलू लागतो. मग मी मायकडे बघतो. अर्ज तिचा आहे, तिनंच सांगावं. पहिल्यांदा तिचा आवाज फुटला नव्हता. आता ती स्वतःहून ‘पोच द्या’ म्हणते.

लांजीचा अर्ज आम्ही लिहायला घेतला आहे. मरणाची तारीख तिला ठाऊक नाही. मारबतचा, म्हणजे पोळ्यानंतरचा दिवस होता आणि त्या साली कापून ठेवलेल्या कडप्यांवर पाऊस पडून धान गेला, एवढं पक्कं आठवतं. साल कोणतं, यावर तिचं आणि दिराचं जमत नाही. म्हणून दोन्ही सालांची पंचांगं मागवली आहेत, आणि त्या सोयऱ्यालाही निरोप धाडला आहे.