नमुना १-अ आणि बाबांचे डोळे

माझ्या वडिलांनी छत्तीस वर्षे ट्रक चालवला. क्लीनर म्हणून सुरुवात करून ते चालक झाले आणि अकोल्याहून कापसाच्या गठाणी, तूरडाळ, सरकीची ढेप असा माल दूरदूरच्या बाजारपेठांत पोहोचवत राहिले. परवान्याचे पुस्तक ते देवघरातल्या कोनाड्यात ठेवीत. त्या पुस्तकाने आमचे घर चालवले, हे आम्ही सारेच जाणून होतो.

मालवाहू वाहनाच्या परवान्याची मुदत पूर्वी तीन वर्षांची असे. २०१९च्या कायदादुरुस्तीने ती पाच वर्षांची झाली. प्रत्येक नूतनीकरणाला ‘नमुना १-अ’ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. दृष्टी, लाल-हिरव्या रंगांची ओळख, रातांधळेपणा, श्रवणशक्ती, हातापायांची क्षमता या साऱ्यांची नोंद त्यात असते. पुष्कळांना तो केवळ सहीपुरता कागद वाटतो. बाबा बासष्टाव्या वर्षी तो घेऊन गेले, तेव्हा डॉक्टरांनी मात्र सही राखून ठेवली आणि आधी डोळे तपासून येण्यास सांगितले.

बाबांना अकरा वर्षांपासून मधुमेह होता. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी झाली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या प्रारंभीच्या खुणा होत्या. या अवस्थेत ना वेदना होते, ना विशेष काही जाणवते. समोरून येणाऱ्या दिव्यांचा झगमगाट अलीकडे सोसवत नाही, एवढेच ते म्हणत.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चांगली झाली. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवले, दरवर्षी पडदा तपासला, तर दृष्टी टिकवता येईल, असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले. पण रात्री वाहन चालवू नये, हा सल्लाही दिला. मालवाहतूक बहुतांशी रात्रीच चालते. बाबांनी दोन दिवस कोणाशी बोलणे केले नाही. तिसऱ्या दिवशी ट्रकची किल्ली मालकाला देऊन आले.

आमची खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. पहाटे तीनला ते उठून अंगणात येरझारा घालीत, दुपारी बसल्या जागी पेंगत आणि रात्री अकरानंतर भूक लागली म्हणून स्वयंपाकघरात शिरत. छत्तीस वर्षे ढाब्याच्या वेळांवर चाललेल्या शरीराला घराचे घड्याळ ठाऊकच नव्हते. आई चिडे, मी तिला समजावी, की हा हट्ट नाही, ही सवय आहे. आम्ही एकेक वेळ ठरवली. सकाळी उन्हे तापण्यापूर्वी चालणे, दुपारची झोप अर्ध्या तासाची, संध्याकाळी साडेसातला जेवण आणि गोळीची वेळ कधीही न चुकवणे. शरीर रुळायला चार महिने लागले.

मनाला वाट सापडली ती माझ्या चुलतभावामुळे. तो एकवीस वर्षांचा. हलक्या वाहनाचा परवाना त्याच्याकडे होता आणि मालवाहू वाहनाचा हवा होता. बाबा त्याला रोज शिकवू लागले. गिअर, ब्रेक, उतार यांआधी त्यांनी त्याला झोप शिकवली. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१चा होता; त्यानुसार दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे त्यांनी त्याच्याकडून पाठ करून घेतले. जून २०२२मध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत होऊन गिनीज विक्रम झाला. त्या रस्त्याविषयी बाबा त्याला म्हणाले, “रस्ता गुळगुळीत झाला अन् झापड वाढली. पहिले खड्डेच जागं ठेवत होते ना बाप्पा!”

आपल्या घरी ट्रक, बस वा रिक्षा चालवणारे वडीलधारे असतील, तर नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि त्याच्या दोन महिने आधी डोळे, साखर, रक्तदाब तपासून घ्यावा. मोठ्याने घोरणे आणि दिवसा डुलक्या येणे हेही डॉक्टरांना सांगावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधे चालू असतील, तर उपाशीपोटी वाहन चालवण्याचा धोका विचारून घ्यावा. आणि कधी परवाना संपलाच, तर त्या माणसाजवळची विद्या संपलेली नसते. ती ऐकणारा एखादा तरुण घरात किंवा गल्लीत शोधून द्यावा; औषधांइतकाच त्याचा गुण येतो.