दहा मीटरच्या आत

मुरलेल्या कॅरमपटूला त्याच्या स्ट्रायकरविषयी विचारून पाहावे. नियमाने स्ट्रायकरचे वजन पंधरा ग्रॅमच्या वर जाऊ शकत नाही. पण त्या पंधरा ग्रॅमवर तो तासभर बोलू शकतो. आमच्या वाड्यातले एक काका आपला स्ट्रायकर रुमालात गुंडाळून खिशात बाळगत आणि दुसऱ्याच्या स्ट्रायकरने खेळायची वेळ आली तर सरळ उठून जात. लहानपणी मला आणि दादाला याचे फार हसू येई. अशा हसण्याची परतफेड आयुष्य कधीतरी करून घेतेच. 2023 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाजवळच्या एका दुकानात प्लॅस्टिकच्या दोन चकत्या दोन हातांत धरून मी पाऊण तास उभी होते आणि शेजारी दादा, आता पन्नाशीचा, त्या काकांच्याच गांभीर्याने मला म्हणत होता, "घाई करू नकोस. हातात धरून बघ. हाताला कळतं."

खेळाचे नाव डिस्क गोल्फ. गोल्फमध्ये चेंडू आणि खळगा, तर इथे चकती आणि टोपली. लोखंडी खांबावर टोपली बसवलेली असते, तिच्यावर साखळ्यांची झुंबरासारखी झालर लोंबत असते. चकती साखळ्यांवर आदळते, तिचा वेग जिरतो आणि ती टोपलीत पडते. कमीत कमी फेकींत हे साधणारा जिंकतो. पहिली फेक लांब पल्ल्याची. तिच्यासाठी रुंद आणि धारदार कडेची चकती, ड्रायव्हर. शेवटची फेक म्हणजे पट. या दोहोंच्या मधली जी फेक असते, टोपलीत टाकण्याच्या हेतूने नव्हे तर टोपलीच्या जवळ नेऊन ठेवण्याच्या हेतूने केलेली, तिला अप्रोच म्हणतात. या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्यात मी काही दिवस घालवले. 'उपगमन' फार संस्कृत, 'जवळीक' फारच भलतीकडे नेणारा. शेवटी अप्रोचच ठेवला.

या खेळाचे मूळ पाहू गेले तर ते आपल्याही घरात सापडण्यासारखे आहे. फ्रेड मॉरिसन या तरुणाने 1937 साली पॉपकॉर्नच्या डब्याचे झाकण हवेत फेकून झेलण्याचा खेळ सुरू केला. त्याच नादातून पुढे त्याने जी प्लॅस्टिकची चकती घडवली तिची फ्रिस्बी झाली. आम्ही दोघे पोह्यांच्या डब्याचे झाकण फेकत असू. ते एकदा शेजाऱ्यांच्या कौलांवर जाऊन बसले, आणि ते कुणी फेकले हे आईने न विचारताच ओळखले. मॉरिसनला पेटंट मिळाले. आम्हांला काय मिळाले ते सांगायला नको.

दादा मला दर शनिवारी ज्या मैदानावर नेई, ते योगायोगाने या खेळाचे आद्यपीठ होते. पॅसाडिनाच्या वायव्येला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी, पूर्वी ओक ग्रोव्ह आणि आता हाहामोंग्ना या नावाने ओळखले जाणारे उद्यान आहे. एड हेड्रिक या गृहस्थाने 1975 साली तिथे डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान आखले. सुरुवातीला लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. चकती खांबाला लागली की नाही यावर वाद होत. साखळ्या आणि टोपलीची रचना करून हेड्रिकने ते मिटवले आणि 1977 मध्ये तिचे पेटंट घेतले. 2002 साली तो वारला तेव्हा त्याच्याच इच्छेनुसार त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या चकत्या घडवण्यात आल्या. दादाने हे सांगितले तेव्हा मी हसले नाही. रक्षा हा विषय त्या वेळी आम्हां दोघांमध्ये बोलण्यासारखा नव्हता. त्याकडे पुढे येईनच.

पहिल्या शनिवारी दादाने आपली पिशवी माझ्यापुढे उपडी केली. पंधराएक चकत्या. "पट आणि अप्रोच, दोन्हीला चालेल अशी एक निवड," तो म्हणाला. प्रत्येक चकतीचे चार आकडे त्याला तोंडपाठ. पहिला वेग, दुसरा तरंगण्याची क्षमता, तिसरा टर्न आणि चौथा फेड. उजव्या हाताने, पाठमोऱ्या पंजाने फेकलेली चकती सुरुवातीच्या वेगात उजवीकडे किती कलते तो टर्न; वेग ओसरल्यावर शेवटी डावीकडे किती वळते तो फेड. मी डिस्क्राफ्टची झोन उचलली: चार, तीन, शून्य, तीन. शेजारी इनोव्हाची अॅविआर होती: दोन, तीन, शून्य, एक. दोहोंचा टर्न शून्य, म्हणजे दोन्ही सरळ जाणाऱ्या, आणि झोनचा वेग जास्त. माझा हिशेब पक्का होता.

आठ मीटरवरून टाकलेली झोन निम्म्या वाटेतच डावीकडे वळली आणि टोपलीपासून दोन हातांवर ओकच्या पाचोळ्यात जाऊन पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही. तिथल्या ओकची पाने काटेरी कडांची असतात. चकती उचलताना बोटांना ते कळले.

"आकडे खोटे नाहीत," दादा म्हणाला, "पण ते जोरात फेकणाऱ्याचे आकडे आहेत. तू फेकतेस तेव्हा ती निघतानाच दमलेली असते."

हे विधान मला फार दिवस पुरले. फेड हा मंद वेगाचा गुण आहे. ज्या वेगासाठी चकती घडवलेली असते तेवढा वेग तिला मिळाला नाही, तर शेवटी यायचे वळण आधीच येते. म्हणजे चार आकड्यांत चकतीचे चरित्र येत नाही. विशिष्ट हातातून सुटलेल्या चकतीचे वर्तन येते. पुस्तकांना तारे देणाऱ्या परीक्षणांविषयी मी वर्गात जे बोलत आले ते हेच होते: वाचणारा कोण, हे सांगितल्याशिवाय तारे मोजण्यात अर्थ नाही. आणि तरीही चकती निवडताना मी ताऱ्यांवरच विसंबले.

म्हणून आम्ही त्या दुकानात गेलो. तिथे मला कळले की प्रश्न केवळ साच्याचा नसतो. एकच साचा अनेक प्रकारच्या प्लॅस्टिकमध्ये येतो. स्वस्त प्लॅस्टिक हाताला किंचित चिकटते, पकड चांगली मिळते आणि साखळ्यांत गेल्यावर ते उसळून बाहेर येण्याचा संभवही कमी; मात्र झाडांवर आपटून त्याच्या कडा लवकर झिजतात. महागडे प्लॅस्टिक टिकाऊ, पण गुळगुळीत आणि टणक. एरवी महाग ते चांगले असे धरून चालणाऱ्या मध्यमवर्गीय मनाला पटण्यासारखे नाही, पण पटसाठी जाणते खेळाडूही बहुधा स्वस्तच प्लॅस्टिक पसंत करतात. मग कडेची खोली. पटरची कड बोथट आणि खोल असते. माझ्यासारख्या आखूड बोटांना फार खोल कड नीट धरता येत नाही. काही चकत्यांच्या कडेच्या तळाशी एक बारीक उंचवटा असतो, तो कुणाला आधार वाटतो तर कुणाला अडथळा. वजन बहुतेकांचे 170 ते 175 ग्रॅम. पाच ग्रॅमने काय होते, असे मी म्हणणार होते. पण स्ट्रायकरवाले काका आठवले आणि गप्प राहिले.

पाऊण तासाने स्वस्त प्लॅस्टिकमधली, मळखाऊ निळ्या रंगाची अॅविआर घेतली. पट आणि अप्रोच दोन्हीला ही एकच वापरीन, असे जाहीरही केले. दादाचे मत वेगळे होते. अप्रोचला वेगळी, टणक, डावीकडे हमखास वळणारी चकती हवी, असा त्याचा आग्रह. मी म्हटले, आधी एकीशी ओळख होऊ दे. नवख्याने हेच करावे, असे मला आजही वाटते. रोज संध्याकाळी दादाच्या परसात पाच मीटरवर बादली ठेवून मी सराव करी. पंधरा दिवसांनी निळी चकती हातातून सुटताना कुठे जाणार ते मला सुटण्याआधी कळू लागले.

आता ती गोष्ट. आई मे 2021 मध्ये गेली, कोविडने. त्याच महिन्याच्या 4 तारखेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातले होते. दादा वर्क व्हिसावर होता. निघाला असता तर परत कधी जाता येईल याचा भरवसा नव्हता. नोकरी, घर, मुलांच्या शाळा सगळे तिथे. हे सर्व मला तेव्हाही समजत होते. रुग्णालयाच्या फाटकाबाहेरच्या रात्री, स्मशानातली रांग, त्या पांढऱ्या पोशाखातली अनोळखी माणसे, आणि माझ्या हातातल्या मोबाइलच्या पडद्यावर दादाचा चेहरा. अस्थी मी एकटीने विसर्जित केल्या. सात महिन्यांनी तो आला, आठवडाभर राहिला, कागदपत्रांवर सह्या केल्या. आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर बरे झाले असते. दोन वर्षे आमचे फोन तब्येत, हवा आणि मुलांचे मार्क यांवर चालले. वहिनीने तिकीट पाठवून मला बोलावले नसते तर ते तसेच चालत राहिले असते.

जून संपता संपता एका शनिवारी वारा सुटला. एरवी त्या महिन्यात तिथे सकाळी आकाश ढगाळलेले आणि हवा पडलेली असते. त्या दिवशी वारा समोरून होता. माझी निळी चकती समोरच्या वाऱ्यात वर उचलली जाऊ लागली, उजवीकडे कलू लागली. समोरचा वारा चकतीला उचलतो, मागचा तिला खाली दाबतो. आणि हलक्या वळणाची, थोडी झिजलेली चकती समोरच्या वाऱ्यात सर्वांत आधी बिथरते. तीन टोपल्यांवर मी दुप्पट फेकी घेतल्या. तेव्हा दादाने काही न बोलता आपली जुनी झोन माझ्या हातात दिली.

चाळीसएक मीटरवरून मी ती उजव्या अंगाला रोखून फेकली. ती वाऱ्यात शिरली, डगमगली नाही, आणि शेवटी ठरल्याप्रमाणे डावीकडे वळून टोपलीपासून सहा-सात मीटरवर पडली. जे वळण महिन्यापूर्वी मला दोष वाटले होते, त्याच्याच भरवशावर मी तिला रोखले होते. जिचा कल ठाऊक आहे ती चकती वाऱ्यात उपयोगी पडते. सरळ जाणारीचे वाऱ्यात काही सांगता येत नाही. दादाचे म्हणणे खरे होते, अप्रोचला वेगळी चकती हवी. मी तसे बोलून दाखवले.

टोपलीपासून दहा मीटरच्या आत आले की नियम बदलतो. चकती सोडल्यावर तोल सावरून मागेच उभे राहावे लागते. फेकीच्या जोराबरोबर पुढे पाऊल टाकलेले चालत नाही. मी निळी चकती घेऊन उभी राहिले. दादा टोपलीच्या पलीकडे, नजर जमिनीकडे.

"तेव्हा मी यायला हवं होतं," तो म्हणाला.

"तुला येता आलं नसतं."

"नसतंच. पण निघायला हवं होतं."

दोन वर्षे मी या वाक्याची वाट पाहत होते, आणि ऐकल्यावर काय म्हणायचे तेही ठरवून ठेवले होते. त्यातले काही आठवले नाही. "मला फार एकटं वाटलं रे," एवढेच म्हणाले. तो काही बोलला नाही. मग मी चकती टाकली. साखळ्यांना लागली, खणखणली आणि टोपलीच्या काठावरून बाहेर पडली.

"पुन्हा टाक," दादा म्हणाला.

पुन्हा टाकता येत नाही, हे त्यानेच मला शिकवले होते. जिथे पडली तिथून पुढची फेक. चकती टोपलीच्या पायाशीच होती. मी ती उचलून आत टाकली आणि एक फेक जास्तीची मांडली.

जुलैमध्ये परत आले. बॅग उघडली तर निळ्या चकतीखाली दादाची जुनी झोन निघाली. त्याने न सांगता ठेवलेली. तिथले खेळाडू चकतीच्या आतल्या बाजूला मार्करने आपले नाव आणि फोन नंबर लिहून ठेवतात, हरवलेली कुणाला सापडली तर परत मिळावी म्हणून. पाचोळ्यात घासून घासून नाव पुसट झाले आहे. नंबर मात्र स्पष्ट वाचता येतो. आमच्या शहरात टोपली नाही, साखळ्या नाहीत. चकती पुस्तकांच्या कपाटात उभी आहे. शनिवारी सकाळी, म्हणजे तिकडे शुक्रवारची रात्र असते तेव्हा, मी तो नंबर फिरवते. हवेचा विषय अजूनही निघतो. पण आता दादा विचारतो, वारा कुठून आहे?