मातीचे मावळे

आज फडताळातला मावळ्यांचा डबा काढला. दिवाळीआधी आजोबा कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून दरवर्षी नवे आणायचे: भालेकरी, घोडेस्वार, तुतारीवाला. एका मावळ्याच्या हातात तारेचा भाला आहे, गुडघ्याशी रंग उडालाय. दिवाळीत घरी मातीचा किल्ला करायचो, बहुधा राजगडच. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या आणि मधोमध बालेकिल्ला उभा राहिल्याशिवाय आजोबा एकही मावळा ठेवू द्यायचे नाहीत. बाबा गोणपाट लाल मातीत भिजवायचे, आई अळीव पेरायची, ताई तटावरचे पहारे ठरवायची. इतिहास मी पुस्तकाआधी या ओल्या मातीत शिकले. प्रत्येक मावळ्यामागे घरातलं कुणीतरी आहे, म्हणून हा संग्रह मोलाचा. यंदा मुलांना तयार किल्ला आणून देऊ नका. त्यांच्यासोबत चिखलात बसा.